आटणारं पाणी, साठणारे क्षार

दिल्ली परिसरात पूल असलेलं घर घेतलं की किल्ल्यांबरोबर दोन गोष्टी हमखास मिळतात: पांढऱ्या गोळ्यांचा अर्धा रिकामा डबा आणि आधीच्या मालकाकडे येणारा पूलवाला. छतरपूरचं फार्महाउस असो, सोहना रोडवरचा व्हिला असो की नोएडात यमुनेच्या काठची जागा असो, यात फारसा फरक पडत नाही. पूलवाला सकाळी येतो, पाण्याकडे बघतो, गोळ्या टाकतो, आठवड्याला तुरटी फिरवतो आणि महिन्याला पैसे घेऊन जातो. पाणी निळं दिसतंय तोवर त्याला कुणी काही विचारत नाही. विचारायची वेळ येते ती जूनमध्ये, पाणी एका रात्रीत हिरवं झाल्यावर. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असतं: आणखी गोळ्या.

ही पुस्तिका त्या जूनच्या आधी वाचायची आहे. पूलवाल्याला काढून टाका असं तिच्यात कुठेही म्हटलेलं नाही. पाइप, पंप, वाळूचा फिल्टर, बॅकवॉश यांतलं त्याला तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कळतं आणि व्हॅक्यूमचा पाइप उन्हात ओढायची आपल्यातल्या किती जणांची तयारी आहे तेही उघड आहे. पण पाण्यात काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ते मोजावं लागतं, आणि मोजायचं काम मालकाचं. पाणी मोजणं दहा मिनिटांचं काम आहे. अवघड आहे ते मोजल्यावर हात आवरणं. दिल्लीच्या पाण्यात बहुतेक वेळा काही घालायची गरज नसते. जे आधीच जास्त झालंय ते आणखी वाढू न देणं, एवढंच करायचं असतं. पुस्तिकेतली सगळी प्रकरणं या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

बाजारात मिळणारी बहुतेक मार्गदर्शकं अमेरिकेत किंवा युरोपात लिहिलेली आहेत. त्यांत पहिल्या काही पानांतच सल्ला असतो: अल्कता कमी असेल तर खाण्याचा सोडा घाला, कॅल्शियम कमी असेल तर कॅल्शियम क्लोराइड घाला. मृदू पाण्याच्या गावाला हा सल्ला योग्यच आहे. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मिळतं, पुण्याला खडकवासल्याचं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस काळ्या दगडावरून वाहत धरणात येतो, त्यात क्षार फारसे नसतात. अशा पाण्याने भरलेल्या तलावाला थोडा सोडा, थोडं कॅल्शियम लागतंच, नाहीतर ते पाणी टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट खायला लागतं. दादरच्या किंवा डेक्कनच्या तलावात पोहायला शिकलेला मराठी माणूस गुरुग्रामला घर घेतो तेव्हा त्याला पहिला धक्का पुलाच्या आधी न्हाणीघरात बसतो. साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो, गीझरची कॉइल दोन वर्षांत जाते. तेच बोअरचं पाणी पुलातही जातं.

राजधानी परिसराचं पाणी एकजिनसी मात्र नाही. सोनिया विहारच्या जलशुद्धीकरण केंद्रातलं पाणी गंगेच्या कालव्यातून येतं, ते बरंच सौम्य असतं. वजीराबाद आणि चंद्रावल यमुनेवर चालतात. नैर्ऋत्येला नजफगडकडे सरकावं तसं जमिनीखालचं पाणी खारट होत जातं. गुरुग्रामच्या सोसायटीत एकाच टाकीत कालव्याचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकत्र होतं, आणि कुठल्या दिवशी कशाचं प्रमाण किती याची नोंद कुणाकडेच नसते. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, एकूण कडकपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं सांगतं. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. आपल्याकडची कित्येक बोअर या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असतात. म्हणजे पूल भरल्या दिवशीच पाण्यात चुना भरपूर असतो.

त्यावर दिल्लीचा उन्हाळा. मे-जूनमध्ये लू वाहते तेव्हा उघड्या तलावातून दिवसाला सेंटीमीटरच्या आसपास पाणी उडून जातं. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल असा मध्यम पूल धरू. त्यात 70,000 लिटर पाणी मावतं. एक सेंटीमीटर म्हणजे 500 लिटर, महिन्याला 15,000. तेवढं पाणी आपण वरून भरतो. त्या पाण्याचा कडकपणा 400 असेल तर महिन्याभरात सहा किलो चुना तलावात नव्याने आला, आणि उडालेल्या पाण्याबरोबर एक ग्रॅमही बाहेर गेला नाही. आमटी आटली की खारट होते, तसंच हे. फक्त इथे आमटीत रोज खारं पाणीच घातलं जातं. कोकणात हाच पूल पावसाळ्यात आपोआप पातळ होतो, दोन-तीन मीटर पाऊस त्यातून वाहून जातो. दिल्लीत वर्षभराचा पाऊस मीटरही भरत नाही आणि त्यातलाही बराचसा जुलै-ऑगस्टच्या मोजक्या झडींत पडून जातो.

अलाउद्दीन खिलजीने हौज खासचा तलाव बांधला तो पावसाचं पाणी धरण्यासाठी. मेहरौलीचा हौज-ए-शम्सी त्याच्याही आधीचा, इल्तुतमिशच्या काळातला. जमिनीवरचं मृदू पाणी साठवायचं, ही त्या बांधकामांची रीत. आपण जमिनीखालचं कडक पाणी उपसून वर उन्हात ठेवतो आणि वरून त्याची तक्रारही करतो.

आता गोळ्यांच्या डब्याकडे. त्यावर टीसीसीए 90 असं लिहिलेलं असतं: ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल, त्यातला सुमारे 90 टक्के क्लोरीन उपयोगी. नावातला शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. गोळी विरघळते तेव्हा क्लोरीन सुटतो आणि सायन्युरिक आम्ल मागे राहतं. बाजारात त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. हे थोडं असणं चांगलंच, कारण उघड्या उन्हात नुसता क्लोरीन दोनएक तासांत बहुतेक उडून जातो आणि सायन्युरिक आम्ल त्याला धरून ठेवतं. 30 ते 50 पीपीएम एवढं पुरे. पण ते धरून ठेवतं म्हणजे क्लोरीनला कामापासूनही रोखतं. आणि मुख्य म्हणजे ते उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, उन्हात मोडत नाही. गोळ्यांतून 10 पीपीएम क्लोरीन घातला की सुमारे 6 पीपीएम सायन्युरिक आम्ल वाढतं. आपल्या 70,000 लिटरच्या तलावाला उन्हाळ्यात दिवसाला 2 पीपीएम क्लोरीन लागतो असं धरलं तर महिन्याला साडेचार किलोच्या वर गोळ्या जातात आणि सायन्युरिक आम्ल महिन्याला 36 ने चढतं. एप्रिलमध्ये शून्यापासून सुरुवात केली तर जून संपता संपता ते शंभराच्या पुढे गेलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादाही शंभराचीच आहे.

जूनमध्ये पाणी हिरवं का होतं, याचं उत्तर या हिशेबात आहे. चाचणीत क्लोरीन 2 दिसतो, पूलवाला म्हणतो क्लोरीन तर ठीक आहे, आणि खरोखरच तो 2 असतो. पण शंभर सायन्युरिक आम्लाच्या पाण्यात त्या दोनमधला मोकळा, शेवाळ मारणारा भाग नगण्य उरतो. अशा पाण्याला सात-आठ क्लोरीन लागेल. तो मिळवण्यासाठी आणखी गोळ्या टाकल्या की आम्लही आणखी वाढतं. बाहेर पडायचा मार्ग एकच, थोडं पाणी काढून नवं भरायचं, आणि तोही नेमका अशा महिन्यात की जेव्हा शहरात टँकरमागे रांगा लागलेल्या असतात. 2024 च्या मे महिन्यात पाणी वाया घालवणाऱ्याला 2,000 रुपये दंड लावायचा निर्णय दिल्ली सरकारने घेतला होता. पाइपने गाडी धुणं त्या यादीत होतं. तुमच्या गेटबाहेरच्या नाल्यात वीस हजार लिटर पाणी सोडताना शेजारी काय म्हणतील याचा विचार प्रत्येकाने आपापला करावा. तहानलेल्या शहरात पूल असावा का, हा प्रश्न रास्त आहे आणि मी त्याचं उत्तर देणार नाही. पण असलेल्या पुलाचं पाणी दरवर्षी ऑक्टोबरात सोडून देण्याची जी इथली सवय आहे, ती अज्ञानातून आलेली आहे एवढं नक्की सांगेन. नीट मोजलेलं पाणी अनेक हंगाम टिकतं.

म्हणून माझं मत असं की या भागात रोजच्या वापराला द्रव हायपो बरं. सोडियम हायपोक्लोराइट, दहा-बारा टक्क्यांचं, निळ्या कॅनमध्ये मिळतं, आणि मागे सोडतं ते फक्त थोडं मीठ. ब्लीचिंग पावडर आणि तिची कडक बहीण कॅल्शियम हायपोक्लोराइट दोन्ही क्लोरीनबरोबर कॅल्शियम आणतात. मुंबईत ते खपेल, गुरुग्रामच्या बोअरवर आधीच्या चुन्यात भर पडते. हायपोची अडचण उष्णतेची. पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला कॅन काही आठवड्यांत निम्मा निकामी होतो आणि लेबलावर मात्र बारा टक्केच लिहिलेलं राहतं. थोडं घ्या, ताजं घ्या, सावलीत ठेवा. जुन्या दिल्लीत तिलक बाजारात एकरकमी घेतलेला स्वस्त साठा शेवटी महागच पडतो. गोळ्या घरात असू द्या, आठवडाभर गावी जाताना उपयोगी पडतात.

चाचणीच्या संचाबद्दल प्रकरण तीनमध्ये सविस्तर आहे, पण इथे थोडं थांबतो, कारण सगळा घोळ इथूनच सुरू होतो. इथे दुकानात मागितलं की बहुधा दोन नळ्यांचा संच हातात येतो: एका नळीत पिवळा रंग, दुसरीत लाल. लाल रंग पीएच सांगतो. पिवळा क्लोरीन सांगतो, पण एकूण क्लोरीन. त्यातला किती मोकळा आहे आणि किती घाम-लघवीतल्या नत्राशी बांधला जाऊन निरुपयोगी झालाय, हे तो सांगत नाही. यासाठी डीपीडी चाचणी लागते, ए. टी. पेलिन या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने 1957 मध्ये मांडलेली. एक गोळी टाकली की मोकळ्या क्लोरीनचा गुलाबी रंग येतो, तो नोंदवायचा; त्याच नळीत दुसरी गोळी टाकली की रंग गडद झाला तर तो फरक म्हणजे बांधलेला क्लोरीन. डोळे झोंबणं, अंगाला तो प्रसिद्ध वास येणं, हे या बांधलेल्या क्लोरीनचं काम आहे. वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालाय. बहुतेक वेळा मोकळा क्लोरीन कमी पडलेला असतो.

नमुना घ्यायचा तो कोपरभर खोलीवरून, पाणी आत येतं त्या तोंडापासून लांब. नळी त्याच पाण्याने दोनदा विसळायची. झाकणाऐवजी अंगठा लावून हलवायची सवय अनेकांना असते. अंगठ्याचा घाम रंगात उतरतो. रंग बघायचा तो दिवसाउजेडी, पांढरा कागद मागे धरून. पंप रूममधल्या पिवळ्या बल्बखाली कुठलाही पीएच साडेसातच दिसतो. एक खोड खास लक्षात ठेवण्याजोगी आहे. क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी क्षणभर चमकतो आणि नाहीसा होतो, पाणी स्वच्छ पांढरं. नवा मालक नोंद करतो ‘शून्य’ आणि आणखी कॅन ओततो. संशय आला तर नमुन्यात बाटलीबंद पाणी मिसळून पुन्हा करून पाहा. सायन्युरिक आम्लाची चाचणी वेगळी आणि मला सगळ्यांत आवडणारी: नमुन्यात द्रव मिसळला की पाणी दुधाळ होतं, ते तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओतायचं, आणि वरून बघताना ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. नळीवरच्या त्या खुणेचा आकडा म्हणजे उत्तर. दोन माणसांनी बघितलं तर दोन आकडे येतात. दहाचा फरक मनावर घेऊ नका. पट्ट्या बुडवून रंग बघायचे संच ऑनलाइन स्वस्त मिळतात, या एका चाचणीपुरते ते मला अजिबात विश्वासाचे वाटत नाहीत.

पीएच आणि अल्कता यांची जोडी इथे एकत्रच समजून घ्यावी लागते. पीएच 7.2 ते 7.8 मध्ये हवा, हे सगळे सांगतात. सायन्युरिक आम्ल नसलेल्या पाण्यात साडेसातला मोकळ्या क्लोरीनपैकी साधारण निम्मा कामाच्या रूपात असतो, आठला तो पाव भागावर येतो. पण पीएच खाली आणला की दोन दिवसांत पुन्हा वर जातो ही इथल्या प्रत्येक मालकाची रड असते. कारण बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, म्हणजे अल्कता 300-350 च्या घरात. त्यातून कार्बन डायऑक्साइड हळूहळू हवेत जातो आणि पीएच चढतो. कारंजं किंवा धबधबा लावला असेल तर आणखी वेगाने. रोज थोडं आम्ल घालून हे थांबत नाही, मूळ अल्कताच उतरवावी लागते. आपल्या तलावात अल्कता 10 ने उतरवायला 33 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आम्ल सव्वा ते दीड लिटर लागतं. 350 वरून 120 वर आणायची तर तीसेक लिटर झालं. हे एका दिवसात करायचं नाही. थोडं घालायचं, पाणी खेळतं ठेवायचं, पीएच पुन्हा चढू द्यायचा, मग परत घालायचं. परदेशी पुस्तकातलं ‘सोडा घाला’ वाचून ज्यांनी किलो-दोन किलो सोडा आधीच ओतलाय, त्यांना आम्लाचा कॅन जरा जास्त लागेल.

या सगळ्या आकड्यांना एकत्र बांधणारं सूत्र 1936 पासून आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातले विल्फ्रेड लँजलिअर यांनी ते शहरांच्या पाइपलाइनींसाठी काढलं: पीएच, तापमान, कॅल्शियम, अल्कता आणि एकूण क्षार दिले की पाणी चुना सोडेल की खाईल ते कळतं. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं, म्हणून दिल्लीत टाइल्सच्या कडेला पांढरी रेघ मे महिन्यात उमटते, जानेवारीत नाही. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी ते प्रकरण ओलांडून जावं. कॅल्शियम कमी करता येत नसेल तर पीएच आणि अल्कता खालच्या बाजूला ठेवा, एवढा त्याचा अर्थ घेतला तरी काम होतं.

तुरटी आणि मोरचूद यांना मी वेगळी प्रकरणं दिली नाहीत, त्याबद्दल पूलवाल्यांची नाराजी पत्करतो. तुरटी रात्री फिरवून पंप बंद ठेवला की सकाळी गाळ तळाशी बसलेला असतो आणि पाणी आरशासारखं दिसतं. आंधी येऊन गेल्यावर, तलावात राजस्थानची धूळ उतरल्यावर, ती कामाची आहे. पण स्वच्छ दिसणं आणि जंतुरहित असणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. मोरचूद शेवाळ मारतं हे खरं, द्राक्षबागायतदाराला ते सांगायला नको. पण तांबं पाण्यात साठत जातं, पीएच चढला की टाइल्सवर डाग सोडतं आणि फिकट केसांवर हिरवट झाक आणतं. पाण्याला सुंदर निळा रंग येतो म्हणून ते वापरणारे बरेच आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही.

अमोनियाचा प्रश्न मात्र खास दिल्लीचा. पानिपत-सोनिपतकडून येणाऱ्या सांडपाण्यामुळे यमुनेत अमोनिया वाढतो, विशेषतः हिवाळ्यात, आणि तो 1 पीपीएमच्या आसपास गेला की वजीराबाद, चंद्रावलचं उत्पादन कमी केल्याच्या बातम्या येतात. एक भाग अमोनियातलं नत्र संपवायला आठ ते दहा भाग क्लोरीन लागतो. जलशुद्धीकरण केंद्राचा जो प्रश्न, तोच टँकरच्या पाण्याने भरलेल्या तलावाचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूल भरलात, क्लोरीन घातलात आणि तासाभरात तो नाहीसा झाला, तर माल खोटा असल्याचा संशय घेण्याआधी बांधलेला क्लोरीन तपासा. होळीचे रंग धुतले गेलेत असा तलाव असेल तर तोही असाच क्लोरीन गिळतो.

परवाने, जीवरक्षक, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतली भांडणं हे विषय पुस्तिकेत नाहीत. सार्वजनिक पुलाचा परवाना दिल्लीत 2025 च्या जूनपर्यंत पोलीस देत असत. पाण्यात क्लोरीन किती हे ठाण्यातून कसं कळत असे, याचं मला नेहमी कुतूहल वाटलं. पाण्याच्या गुणवत्तेचं स्वतंत्र भारतीय मानक आयएस 3328 आहे, ते सोसायटीच्या सचिवांनी एकदा तरी वाचावं.

सुरक्षेचं प्रकरण मात्र कुणीही ओलांडू नका. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकाच चमच्याने काढायचे नाहीत. थोडा ओलावा मिळाला तरी ते मिश्रण पेट घेऊ शकतं. हायपोचा आणि आम्लाचा कॅन शेजारी ठेवायचा नाही, आणि तळघरातल्या बिनखिडकीच्या पंप रूममध्ये तर नाहीच: दोन्ही सांडले तर सुटतो तो क्लोरीन वायू, आणि तो जमिनीलगत राहतो, जिथे पूलवाला दुपारी चटई टाकून झोपतो.

सुरुवात करण्याआधी दोन कामं करून ठेवा. मोजपट्टी घेऊन तलावाची लांबी, रुंदी आणि तीन ठिकाणची खोली मोजा. दलालाने सांगितलेला लिटरचा आकडा वापरू नका, पुढचं सगळं गणित त्यावर उभं आहे. आणि ज्या पाण्याने पूल भरता, ते बोअरचं असो की टँकरचं, त्याचा लिटरभर नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत देऊन कडकपणा, अल्कता, क्लोराइड, लोह आणि एकूण क्षार काढून घ्या. लोह जास्त निघालं तर क्लोरीन घातल्याबरोबर पाणी चहासारखं तांबूस होईल, ते पूल भरायच्या आधी कळलेलं बरं. अहवाल हातात आला की प्रकरण दोनपासून वाचायला घ्या. पहिलं प्रकरण पंपाचं आहे, ते तुमच्या पूलवाल्याला पाठ असतं.